पगारी एकांत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.ए.च्या वर्गात तौलनिक साहित्याच्या तासाला मी 'एकांत' हे आशयसूत्र शिकवत होते. आपल्या संतांचा एकांत, इंग्रजी रोमँटिक कवींचा एकांत, असे करत करत गाडी अमेरिकेतील बीट पिढीपर्यंत आली. जॅक केरुअॅकने १९५६ च्या उन्हाळ्यात कॅस्केड्स पर्वतातील डेझोलेशन शिखरावर, वणव्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेल्या एका खोलीत ६३ दिवस एकट्याने काढले. त्याच्या आधी गॅरी स्नायडर आणि फिलिप व्हेलन हे कवी जवळपासच्या शिखरांवर असेच राहून आले होते. हे सारे मी बऱ्यापैकी रंगवून सांगितले. 'आधुनिक गुंफा' असा काहीसा शब्दप्रयोगही केला असावा. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, त्यांना तिथे पगार होता का?" वर्ग हसला. मीही हसले, "असणारच," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

हा मुलगा चंद्रपूरकडचा. त्याचे वडील वन खात्यात हंगामी मजूर होते, हे मला वर्ष संपता संपता कळले. उन्हाळ्यात जाळरेषा काढायच्या, मचाणावर बसून धूर कुठे उठतो ते पाहायचे, दिसला की पळत जाऊन हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायची, आणि हंगाम संपला की घरी बसायचे, असे ते काम. त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा, माझ्यासकट, त्या खोलीविषयी त्यालाच अधिक माहीत होते. मी मात्र त्याला दीड शब्दात वाटेला लावले होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये भाच्याकडे सिएटलला जाण्याचा योग आला, तेव्हा हा प्रश्न डोक्यात होताच. डेझोलेशन शिखर फार आडबाजूला, माझ्या गुडघ्यांच्या आवाक्याबाहेरचे. निदान स्नायडरचा सॉरडो पर्वत तरी पायथ्याशी उभे राहून पाहावा, असा बेत केला. तो बेतही फसला, आणि फसला तो असा की त्याहून समर्पक दुसरे काही घडू शकले नसते. २९ जुलैला सॉरडो पर्वतावर वीज पडून वणवा लागला होता. पायथ्याची डायब्लो आणि न्यूहेलम ही वीजप्रकल्पाची गावे धोक्यात आली होती, आणि तिकडे जाणारा वीस क्रमांकाचा महामार्ग मधूनमधून बंद केला जात होता. ज्या डोंगरावर बसून एक कवी धूर शोधत असे, तो डोंगरच धुरात होता. भाचा म्हणाला, "मावशी, मग आपण पार्क ब्यूटला जाऊ. तिथेही तसलीच खोली आहे, आणि उघडी असते."

पार्क ब्यूट माउंट बेकरच्या दक्षिण अंगाला आहे. उंची सुमारे ५,४०० फूट. वाहन सोडल्यावर जेमतेम सहा किलोमीटरची वाट, चढ दोन हजार फुटांहून थोडा अधिक. सुरुवातीला हीथरची आणि हकलबेरीची कुरणे, मग दगडधोंड्यांतून वाहणारा हिमनदीचा गढूळ ओढा, मग जंगलातली वळणावळणांची चढण. शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते आणि समोर अचानक ती खोली दिसते : खडकाच्या टोकावर, चारी बाजूंनी खिडक्या, भोवती लाकडी सज्जा, वर उचलून टेकू दिलेल्या झडपा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली ही खोली आज 'स्कॅजिट अल्पाइन क्लब' या स्थानिक मंडळाचे स्वयंसेवक सांभाळतात. लाकूड बदलतात, छप्पर नीट करतात, रंग देतात. कोणीही यावे, जागा असेल तर रात्रभर राहावे, भाडे नाही. उत्तरेला माउंट बेकर १०,७८१ फुटांवर, एवढ्या जवळ की हिमनदीतल्या भेगा मोजाव्यात. जॉर्ज व्हँकुव्हरच्या १७९२ च्या सफरीत त्याच्या हाताखालच्या जोसेफ बेकर नावाच्या अधिकाऱ्यावरून हे नाव पडले. त्याआधीपासून इथल्या लोकांच्या बोलींतून आलेले 'कुलशान' हे नावही अजून ऐकू येते. पूर्वेकडची क्षितिजरेषा त्या दिवशी मातकट होती. भाच्याने बोट दाखवून सांगितले, सॉरडो त्या बाजूला.

खोलीत शिरले. साधारण चौदा फूट लांब-रुंद, आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीपेक्षा थोडी मोठी. खाट, टेबल, जुनी चित्रे, येणाऱ्यांसाठी नोंदवही. कोणाची तरी झोपण्याची पिशवी मध्यभागी पसरलेली होती. आणि तिथे उभी असताना मला जाणवले की अशा खोल्यांमध्ये मध्यभाग ही सर्वांत महत्त्वाची जागा असे. तिथे ऑस्बोर्नचे यंत्र असायचे.

या यंत्राविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण माझे सारे म्हणणे त्याच्यावर उभे आहे. वन खात्यातीलच विल्यम ऑस्बोर्न या कर्मचाऱ्याने ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तयार केले. एक गोल तबकडी, तिच्यावर त्या परिसराचा नकाशा, आणि नकाशाच्या बरोबर केंद्रस्थानी ती खोली. तबकडीभोवती अंश कोरलेले एक फिरते कडे. कड्याच्या एका बाजूला डोळा लावायची फट, समोरच्या बाजूला उभा ताणलेला घोड्याचा केस. धूर दिसला की कडे फिरवायचे, फट, केस आणि धूर एका रेषेत आणायचे आणि अंश वाचायचे. एवढ्याने मात्र आगीची दिशाच कळते. आग त्या रेषेवर दोन मैलांवर आहे की वीस, हे एकट्या माणसाला नेमके सांगता येत नाही. तो दूरध्वनीवरून अंश कळवतो. दुसऱ्या शिखरावरचा टेहळ्या आपल्या खोलीतून त्याच धुराचे अंश कळवतो. खालच्या कचेरीत नकाशावर दोन रेषा ओढल्या जातात आणि त्या जिथे छेदतात तिथे आग असते.

म्हणजे ही खोली मुळातच एकटी नव्हती. दुसरी खोली आहे म्हणूनच तिला अर्थ होता. त्या माणसाने दिवसभर जे पाहिले ते दुसऱ्याच्या पाहण्याला छेदल्याशिवाय खरे ठरत नसे. शिखरापर्यंत झाडाझाडांवरून टांगत आणलेली तार, नंतरच्या काळात रेडिओ, ठरावीक वेळी हजेरी, वादळात वीज पडत असताना काचेच्या पायांच्या स्टुलावर उभे राहून घ्यायच्या नोंदी : हा सारा संसार एका मोठ्या खात्याच्या जाळ्याची एक गाठ होता. त्या गाठीला आपण गुंफा म्हणत आलो.

हे जाळे विणले गेले तेही एका भीतीतून. अमेरिकेचे वन खाते १९०५ मध्ये स्थापन झाले. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटाना या भागांत दोन दिवसांच्या वाऱ्यात सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे गेली. बहुतेक आग विझवणारे मजूर. नव्या खात्याने त्यातून घेतलेला धडा एकच होता : आग लहान असतानाच दिसली पाहिजे. मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ या वर्षांत, बेकार तरुणांच्या 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर'ने अशा खोल्या शिखरोशिखरी बांधल्या; खेचरांच्या पाठीवरून फळ्या आणि काचा वर नेल्या. देशभरात त्या हजारोंच्या घरात गेल्या. ज्या वास्तूकडे आपण वैराग्याचे प्रतीक म्हणून पाहतो, ती रोजगार हमीच्या कामावर उभी राहिली होती.

आता साहित्याकडे येऊ. केरुअॅकने त्या ६३ दिवसांवर दोनदा लिहिले. 'द धर्मा बम्स' (१९५८) या कादंबरीचा शेवट डेझोलेशनवर होतो आणि तो कृतज्ञ, उजळ, जवळजवळ प्रार्थनेसारखा आहे. 'डेझोलेशन एंजल्स' (१९६५) मध्ये तेच दिवस पुन्हा येतात, आणि तिथे कंटाळा आहे, संपत आलेली तंबाखू आहे, समोरच्या होझोमीन पर्वताची दहशत आहे, खाली शहरात कधी जातो असे झालेला माणूस आहे. या दुसऱ्या पुस्तकात रेडिओही आहे; इतर शिखरांवरच्या टेहळ्यांची बोलणी त्याच्या कानावर येत असतात. दोन्ही पुस्तके एकाच माणसाची. आपण शिकवतो ते मात्र पहिलेच, किंवा दुसरे शिकवले तरी पहिल्याच्या प्रकाशात. मीही तेच केले होते. गंमत अशी की शिखराचे 'उजाड' हे नावसुद्धा काही आध्यात्मिक नाही. १९२६ च्या वणव्याने तिथले उतार भकास झाले, म्हणून ते नाव.

स्नायडरची गोष्ट वेगळी आहे. १९५२ मध्ये क्रेटर पर्वतावर आणि १९५३ मध्ये सॉरडोवर त्याने काम केले. 'रिपरॅप' (१९५९) या त्याच्या पहिल्या संग्रहाची पहिली कविता सॉरडोवरच्या त्या खोलीतली आहे. पण संग्रहाच्या नावाकडे पाहावे : रिपरॅप म्हणजे डोंगरवाटेवर खेचरांचे पाय घसरू नयेत म्हणून बसवलेले दगड. हे काम त्याने १९५५ मध्ये योसेमिटी येथे मजूर म्हणून केले होते. त्याच्या कवितेत काम आणि ध्यान वेगळे काढता येत नाही, आणि हे तो लपवतही नाही. आपणच वाचताना ते गाळतो. त्याच्या चरित्रातील एक तपशील तर पाठ्यक्रमात यायलाच हवा. १९५४ च्या हंगामात त्याला पुन्हा टेहळणीवर घेतले गेले नाही. मॅकार्थीच्या दिवसांत त्याची जहाजावरील कामगारांच्या डाव्या संघटनेशी असलेली जुनी सदस्यता सरकारला संशयास्पद वाटली. मग तो लाकूडतोडीच्या कंपनीत कामाला गेला. म्हणजे शिखरावर एकटे बसण्यासाठीही सरकारदरबारी चारित्र्य शुद्ध असावे लागे! ज्या एकांताला आपण समाजापासूनची सुटका म्हणतो, त्याच्या दारावर शिक्का मारणारा कारकून बसलेला होता. व्हेलन त्याच वर्षी सॉरडोवर गेला, पुढल्या वर्षी पुन्हा, आणि त्याचीही त्या खोलीच्या नावाची दीर्घ कविता आहे. ती मला तिघांच्या लेखनात सर्वांत विनोदी आणि म्हणून सर्वांत विश्वसनीय वाटते. असो.

या तिघांचे शिखरावरचे हंगाम एकत्र मोजले तरी ते सहाच भरतात. कॅलिफोर्नियातील क्लॅमथ भागात एडी गल्च येथील चौकीवर हॅली डॅगेट नावाची बाई १९१३ मध्ये रुजू झाली. वन खात्याने टेहळणीसाठी नेमलेली ती पहिली स्त्री. बाई शिखरावर एकटी टिकेल का, अशी शंका तेव्हा घेतली गेलीच. ती चौदा-पंधरा हंगाम टिकली. धूर पाहिला, दूरध्वनी केला, नोंद केली. तिच्या नावावर कादंबरी नाही. तिच्या कामात 'आशयसूत्र' सापडत नाही, म्हणून ती आमच्या तासात कधी आली नाही. वाङ्मयाचा इतिहास लिहिलेल्या शब्दांचाच असणार, हे मला मान्य आहे. पण शब्दांच्या मागे जी खोली उभी आहे तिचे वर्णन आपण जेव्हा तीन लेखकांच्या अनुभवावरून करतो, तेव्हा निदान नमुना किती लहान आहे याची जाणीव असावी.

पार्क ब्यूटच्या सज्जात बसून मी जीर्णोद्धार या शब्दाचाही विचार करत होते. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात स्नानगृहासारख्या फरशा, शिखरावर सिमेंट. पाहणाऱ्याचे मन विटते. पण पूजा चालू असते. घंटा वाजते, नैवेद्य दाखवला जातो, देवळाचे काम देऊळ करत असते. इथे नेमके उलट झाले आहे. फळी न् फळी जुन्या मापाची, खिळाही शोभेल असा, आणि पूजा मात्र संपलेली. गेल्या शतकाच्या मध्यानंतर विमानांतून टेहळणी सुरू झाली, खोल्या निरुपयोगी ठरल्या. पडक्या खोलीत कोणी जायबंदी झाले तर जबाबदारी नको, म्हणून वन खात्याने कित्येक खोल्या स्वतःच जाळून टाकल्या. आगीवर पहारा ठेवणाऱ्या खोल्या मालकानेच पेटवून द्याव्यात, यावर कोणी लघुकथा लिहिली असती तर आम्ही तिला 'कृत्रिम कलाटणी' म्हणून गुण कापले असते. ज्या वाचल्या त्या स्थानिक मंडळांच्या चिकाटीमुळे. त्या लोकांविषयी मला आदरच आहे. रविवारच्या रविवारी पाठीवर लाकूड वाहून नेणारी माणसे चेष्टेचा विषय नव्हेत. माझी तक्रार खोली राखणाऱ्यांविषयी नाही. ती खोलीत जाऊन आम्ही जे वाचतो त्याविषयी आहे. खोली राहिली, तार गेली; आणि तार नसलेली खोली पाहून आम्ही ठरवून टाकले की इथे पूर्वीपासून शांतताच होती.

आणखी एक गोष्ट या शांततेत बुडून जाते. हा पहारा ज्या धोरणासाठी होता, ते धोरणच पुढे चुकीचे ठरले. १९३५ पासून खात्याचा नियम होता की कळलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. चाळीसेक वर्षांनी तो सोडून द्यावा लागला, कारण लहान आगी विझवत राहिल्याने कोरड्या जंगलांत जळण साचत गेले आणि मोठ्या आगींची सोय झाली. (कॅस्केड्सच्या ओल्या पश्चिम उतारांचा हिशेब थोडा निराळा आहे, तिथे वणवे मुळातच दीर्घ अंतराने येतात.) ज्या हकलबेरीच्या कुरणांतून आम्ही चढलो, तसली राने टिकावीत म्हणून या डोंगररांगेतले मूळ रहिवासी जाणीवपूर्वक आग लावत असत, नव्या खात्याने त्यांना गुन्हेगार ठरवले. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळणाऱ्यांविषयी आपले वन खाते काय बोलते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. दोन्हीकडचे जंगल एक नव्हे आणि आगही एक नव्हे, पण मचाणावर बसवलेला माणूस दोन्हीकडे आपल्याच शेजाऱ्यांचा धूर कळवत असतो. स्नायडर हे समजून चुकला होता. 'बॅक ऑन द फायर' (२००७) या निबंधसंग्रहात तो वणव्याकडे जंगलाच्या जगण्याचा एक भाग म्हणून पाहतो. तरुणपणी केलेल्या नोकरीचा असा फेरविचार करणारा कवी दुर्मीळ. त्याच्या शिखरावरच्या कविता या निबंधांसह वाचल्या तर त्या कमी होत नाहीत, उलट त्यांच्यातला धूर अधिक दाट होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि आमच्या विभागात तो आलाही. कवितेला पगारपत्रक कशाला जोडायचे? तिच्यातला एकांत तिच्या शब्दांत सिद्ध झाला की पुरे. ही भूमिका मी स्वतः पंधरा वर्षे शिकवली आहे, त्यामुळे तिचे बळ मला ठाऊक आहे. माझे उत्तर एवढेच की ती कविताच या बाहेरच्या गोष्टी मागते. डोळा दूरवर लावून बसणे, दिवसातून अनेकदा तीच दरी नव्याने न्याहाळणे, दिसले ते कमीत कमी शब्दांत सांगणे, ही स्नायडरच्या शैलीची लक्षणे आपण चिनी आणि जपानी कवितेकडून आली असे शिकवतो. ते खरेच आहे. पण टेहळ्याच्या कामाचे वर्णन करायचे तर नेमकी हीच वाक्ये लिहावी लागतात. ती शैली त्याला किती ग्रंथांनी दिली आणि किती त्या फिरत्या कड्याने, हा साहित्याच्याच कक्षेतला प्रश्न आहे.

आपल्याकडे हा प्रश्न पडला नाही, याला थोडा इतिहासही कारणीभूत असावा. स्नायडर आणि गिन्सबर्ग १९६२ मध्ये भारतात होते, मुंबईतही आले. साठच्या दशकातील अनियतकालिकांच्या मराठी वातावरणात बीट कवींविषयी जे कुतूहल होते, ते त्यांच्या भटकेपणाविषयी, बंडाविषयी, बौद्ध ओढीविषयी. नोकरी न करणारे कवी म्हणून ते आम्हांला भावले. बँका, जाहिरात कंपन्या आणि महाविद्यालये यांत अडकलेल्या आमच्या कवींना ते भावणे स्वाभाविकच. त्यातल्या तिघांनी आपले प्रसिद्ध मौन सरकारी नोकरीत मिळवले होते, हे त्या चित्रात बसत नव्हते.

उतरण्यापूर्वी मी नोंदवही चाळली. अप्रतिम दृश्य, अपार शांतता, तारे, परत येऊ. इंग्रजीत, दोन-तीन ठिकाणी स्पॅनिशमध्ये, एकदा देवनागरीतही. मीही त्याच अर्थाचे काहीतरी मराठीत लिहिले, कारण तिथे उभे राहून दुसरे सुचत नाही. मग सवय म्हणून पूर्वेकडच्या धुराकडे पाहिले. ते किती अंशांवर आहे, हे सांगण्याचे माझ्यापाशी काही साधन नव्हते.

तो विद्यार्थी आता एका आश्रमशाळेत शिकवतो. वडील थकले, त्यांच्या भागात आगीची सूचना आता उपग्रहावरून वनरक्षकाच्या मोबाइलवर येते. त्याला मी खोलीची छायाचित्रे पाठवली, सोबत पगार होता असेही लिहिले. आठ-दहा वर्षे उशिरा का होईना. संध्याकाळी त्याचे उत्तर आले : "छान आहे मॅडम. पाणी कुठून आणायचे?" मी कळवले की आम्ही बाटल्या खालून भरून नेल्या होत्या, आणि वाटेत बर्फ वितळून झालेली तळी दिसली, पूर्वी बहुधा तिथून आणत असतील. ती तळी खोलीपासून किती उतरून आहेत, असे त्याने पुन्हा विचारले. ते मी पाहून ठेवले नव्हते.